सहाशे मीटर दक्षिणेला

"मॅम, खाली कुणीतरी गोधडी हलवतंय," सृष्टी म्हणाली, आणि तेजल गांगुर्डेच्या हातातलं पेन गुडघ्यावरच्या नकाशावर तिथल्या तिथं थांबलं. एरवी शिकाऊ पोरांनी खिडकीबाहेर बघितलं की तिला केवढं बरं वाटायचं. विमान शिकवताना अठरा वर्षं ती हेच तर कोकलत आली होती : डोकं बाहेर ठेवा रे, पडदा काय घरी मोबाइलवरही बघाल. पण आज तिला वाटलं, या कार्टीनं गप्प बसायला काय घेतलं असतं? समोरच्या जीपीएसच्या पडद्यावर, हवाई मार्गाच्या गुलाबी रेघेवरून सरकणारं चिमुकलं विमान नुकतंच एका पॉइंटवर येऊन टेकलं होतं. त्या पॉइंटचं नाव आक्का. आक्का म्हणजे तेजलची आई, आक्काबाई गांगुर्डे, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. आणि आक्का सप्टेंबरात गेली होती. निफाडजवळच्या तिच्या दोन खोल्यांना चार महिने कुलूप होतं, आणि त्या कुलपाची किल्ली या क्षणी मागच्या सीटवर, तेजलच्या पर्समध्ये होती. मग गच्चीवर गोधडी कोण हलवणार?

तिनं वाकून बघितलं. या चार सीटच्या विमानाचे पंख डोक्यावर असतात, त्यामुळं खालचं मोकळं दिसतं. आखून काढल्यासारख्या द्राक्षांच्या ओळी, पाट, एक शेततळं, एक पत्र्याची शेड, तिच्याशेजारी एक स्लॅब, आणि स्लॅबवर तांबडं-पिवळं काहीतरी, पोस्टाच्या तिकिटाएवढं, वर जात होतं, खाली येत होतं. तेवढंच. दोन-अडीच हजार फुटांवरून रंग दिसतात, माणूस दिसत नाही. "हेडिंग सांभाळ, तीन अंश डावीकडं गेलीयस," ती म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. या धंद्यात आधी आवाजालाच शिकवतात, बाकीचं अंग मागनं शिकतं, नाही शिकलं तरी चालतं. पंख हलवायचे राहून गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा ती त्या पॉइंटवरून पंख न हलवता सरळ निघून गेली, आणि पुढं येवल्यापर्यंत तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटत राहिलं.

तो पॉइंट तिनंच टाकला होता. आक्का निवृत्त झाली आणि नाशिकची कॉलनी सोडून निफाडला, पाटाच्या पलीकडं घेतलेल्या तुकड्यावर दोन खोल्या बांधून राहायला गेली. एकटी कशाला राहतेस म्हटलं तर म्हणायची, तू तरी कुठं दुकटी आहेस? घर बघायला गेली तेव्हा तेजल सहज म्हणाली होती, "आक्का, दर मंगळवारी दहा-सव्वादहाला मी इथूनच जाते, पोरांना घेऊन. थोडा वळसा घेतला की तुझ्या डोक्यावरूनच." आक्काच्या हातातलं लाटणं थांबलं. "अगं बाई! मग मला कसं कळायचं तूच आहेस ते?" "पंख हलवीन ना." "आणि तुला कसं कळायचं मी आहे ते?" "टाक काहीतरी रंगीत गच्चीवर." त्यावर आक्कानं ट्रंकेतनं गोधडी काढली. तिनंच शिवलेली, शाळेत नेसायच्या जुन्या लुगड्यांची, मधोमध तांबडा चौकोन आणि भोवती पिवळी नक्षी. लहानपणी तेजल त्या तांबड्या चौकोनावर झोपायला भांडायची. त्या संध्याकाळी अंगणात उभं राहून तिनं मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश डायरीत उतरवून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी जीपीएसमध्ये टाकले. नाव आक्का. यंत्राला पाच इंग्रजी अक्षरं पुरतात. त्यात आई बसली याचं तिला त्या दिवशी हसू आलं होतं.

पहिले दोन-तीन मंगळवार गोधडी सापडली नाही, मग दिसायला लागली, आणि दर मंगळवारी संध्याकाळी फोन. "दिसले का गं?" "दिसलीस की. गोधडी दिसली." "दिसले ना? मग झालं. तूपण दिसलीस. काळा चष्मा लावला होतास." आता एवढ्या वरून खालच्याला काय दिसणार, चष्मा म्हणे! विमानाची शेपटी कुठली आणि तोंड कुठलं एवढं कळलं तरी पुष्कळ. पण तेजलनं आक्काला कधी खोटं पाडलं नाही. चष्मा ती रोजच लावायची, म्हणजे आक्काचं दर वेळी बरोबरच यायचं. रस्त्यानं म्हणाल तर नाशिकपासून आक्काचं घर अवघं चाळीस किलोमीटर. पहिल्या वर्षी तेजल दर रविवारी गेली. मग महिन्यातून एकदा. मग सणावाराला, चौदा एप्रिलला, दसऱ्याला. काय करणार, पोरं यायची, शिकायची, मोठ्या कंपन्यांत जायची, तिथून फोटो पाठवायची, आणि नवी पोरं यायची. रविवारी अंगात उठायचं त्राण नसायचं. आणि मनाची एक समजूत तिनं करून घेतली होती, ती कधी तोंडानं बोलली नसली तरी होतीच : मंगळवारी भेट झालीय की. वरून का होईना, झालीय.

सप्टेंबरात आक्काला ताप आला, नाशिकच्या दवाखान्यात आणलं, आणि पाचव्या दिवशी आटोपलं. पुण्यानुमोदनाला माणसं आली, शाळेतल्या जुन्या पोरी आल्या, रडल्या, गेल्या. नंतर तेजल घर आवरायला गेली तेव्हा तिला दुसरं काही नको होतं, फक्त ती गोधडी पाहिजे होती. ट्रंक उपसली, माळा बघितला, कॉटखाली बघितलं. गोधडी नव्हती. दिली असेल कुणाला तरी, आक्काचा हात तसाही सढळ. पण माझी होती ती, असं म्हणून तेजल त्या रिकाम्या ट्रंकेशेजारी बसून ओक्साबोक्शी रडली. आई गेल्यावरसुद्धा ती अशी रडली नव्हती. तिथून पुढं मंगळवारचा पूर्वेकडचा मार्ग तिनं बरोबरीनं शिकवणाऱ्या राकेश सरांच्या गळ्यात घातला. सर भला माणूस, का म्हणून विचारलं नाही. यंत्रात आक्का नावाचा पॉइंट आहे, पोरांना वळसा घेऊन पुन्हा मार्गावर यायचा सराव होतो, एवढं त्यांना पुरेसं होतं. चार महिने सर त्या पॉइंटवरून जात राहिले. आज सरांना ताप होता म्हणून तेजल आली, आणि हे असं झालं.

त्या मंगळवारी ती घरी आली, कुकर लावला आणि जेवायचं विसरली. इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरचा तिचा फ्लॅट एरवीही शांत असतो, पण त्या दिवशी शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाजही तिला सोबतीला घ्यावासा वाटला. मंगळवार आणि फोन नाही. डोक्यात एकच : ती गोधडी आक्काचीच होती का? तांबडं-पिवळं काय, कुणाकडंही असतं. पण मग त्याच गच्चीवर कसं? कुलूप फोडून कुणी राहायला आलंय? भुताखेतांचा प्रश्नच नव्हता, तो विषय आक्कानं घरात शिरू दिला नव्हता. वर्गातल्या पोरांना ती अमावास्येला मुद्दाम वडाखाली डबा खायला न्यायची. तरीही तेजलनं दोनदा फोन उचलला आणि आक्काच्या नंबरावर बोट ठेवून परत खाली ठेवला. कुणाला सांगावं असं एकही माणूस आपल्याकडं नाही, हे तिला ठाऊक होतंच, पण त्या दिवशी ते फारच झोंबलं. आक्काला सांगितलं असतं. आक्का म्हणाली असती, जा की मग, जाऊन बघ, त्यात एवढं काय?

गुरुवारी वर्गात तिनं सृष्टीला एक गणित दिलं. कागदावर एका तळ्याचे अक्षांश-रेखांश, ते सरावाच्या यंत्रात टाकायचे, पॉइंट तयार करायचा. पोरगी चुणचुणीत, अर्ध्या मिनिटात टाकून मोकळी झाली. तेजलनं बघितलं आणि तिचा पारा चढला. "हे काय केलंस? कागदावर काय लिहिलंय? अंश, मिनिटं, सेकंद. आणि हे यंत्र काय मागतंय? अंश आणि मिनिटं, आणि पुढं मिनिटांचे दशांश. तू अठ्ठेचाळीस सेकंद उचललेस आणि दशांश म्हणून ठोकून दिलेस! मिनिटात सेकंद शंभर असतात का गं? अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे पॉइंट आठ, पॉइंट चार आठ नव्हे. तुझं तळं सहाशे मीटर दक्षिणेला गेलं. आणि लक्षात ठेव, सरकारी पॉइंट दर अठ्ठावीस दिवसांनी नवे भरले जातात, तपासले जातात. आपण हातानं टाकलेला पॉइंट कुणीही तपासत नाही. तो चुकला तर जन्मभर..." एवढं बोलून ती थांबली. सृष्टी म्हणाली, "सॉरी मॅम." तेजल म्हणाली, "तुझं नाही गं," आणि खडू ठेवून बाहेर पडली.

हँगरमध्ये विमान उभं होतं. ती आत बसली, बॅटरीचं बटण दाबलं, पडदा उजळेपर्यंतचे सेकंद तिला जास्तच वाटले. आक्का. वीस अंश, पाच पॉइंट चार आठ. पर्समधून तिनं जुनी डायरी काढली. सहा वर्षांपूर्वीचं पान, तिचंच अक्षर, निळी शाई : वीस अंश, पाच मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. तिनं ते तीनदा वाचलं. बदलत थोडंच होतं ते! सहा वर्षं ती आक्काच्या घरावरून गेलीच नव्हती. पाटाच्या अलीकडं, सहाशे मीटर दक्षिणेला, भलत्याच कुणाच्या गच्चीवरून ती पंख हलवत गेली होती. मळ्यातली घरं वरून सगळी सारखीच, एक स्लॅब, एक काळी टाकी. पाट कुठल्या हाताला आहे एवढं बघितलं असतं तरी कळलं असतं. पण पडद्यावर नाव आलं की ती खाली बघायची, गोधडी दिसायची, संपलं. डोकं बाहेर म्हणून दुसऱ्यांच्या पोरांना शहाणपण शिकवणारी ही, स्वतःचं डोकं आतच ठेवून बसली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्या मागोमाग खरं भय आलं. मग आक्का कुठं होती? ती तिकडं स्वतःच्या गच्चीवर हात हलवत उभी राहायची आणि विमान लांबून निघून जायचं? आणि तरी संध्याकाळी म्हणायची, तूपण दिसलीस? आणि आपण जी बघितली ती गोधडी कुणाची? आईला आपण एकदाही भेटलो नाही का?

रविवारी ती गाडी काढून निघाली. जानेवारीतली थंडी, द्राक्षांचे घड कागदांत गुंडाळलेले, बागांच्या कडेला थंडीसाठी केलेल्या शेकोट्यांची राख. आक्काच्या घराचं कुलूप जसंच्या तसं होतं. ती आत गेलीच नाही. मोबाइल हातात धरून पाटाच्या पुलावरून उतरली आणि बांधाबांधानं दक्षिणेला चालत राहिली, यंत्रातला तो चुकीचा आकडा जुळेपर्यंत. आकडा जुळला तिथं पत्र्याची शेड होती, कोथिंबिरीचे वाफे होते, स्लॅबचं घर होतं, घराला टेकवलेली लोखंडी शिडी होती. आणि ओट्यावर एक म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. तिनं तेजलकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "तू तेजू ना? लय उशीर केला बाई."

म्हातारीचं नाव चंद्रभागा. पोरं अंबडला कारखान्यात, सुना-नातवंडं तिकडंच, ही आणि दोन शेळ्या इथं. तिनं तेजलला चहा विचारला नाही, सरळ मांडला. चुलीपुढं बसूनच ती बोलत होती. "पयल्या येळेला इमान आलं अन् वाकडंतिकडं झालं, मी म्हनलं पडतं आता घरावर! दर मंगळवारी तेच. मंग एक दिवस मास्तरीणबाई आल्या बांधानं, गुडघे धरून. म्हनल्या, बाई, तुमच्या घरावरनं जातं ते इमान माझी पोरगी चालवती. मी तिकडं गच्चीवर उभी ऱ्हाते अन् ती तुमच्या गच्चीला हात दाखवून जाती. मी म्हनलं, मंग तिला सांगा की, घर चुकती म्हनून! त्यात काय लाजायचं?"

"मग?" तेजलनं विचारलं. "मग का नाही सांगितलं?"

"त्या म्हनल्या, नको. ढग असले, काय दिसत नसलं, की पोरगी त्या यंत्राच्या भरवशावर खाली येती. त्याचा भरवसा गेला तर तिनं कशाच्या जिवावर उतरायचं? तिला नाय गावलं घर, तर मी येत जाईन इथं. हे काय, पाट वलांडला की आलं." चंद्रभागानं फडक्यानं पातेलं उतरवलं. "तव्हापासून यायच्या. नऊला निघायच्या. पुलापाशी बसायच्या, मंग उठायच्या. शिडी मी खालनं धरायची. अन् मला बी हात लावायला लावायच्या, म्हनायच्या, धरा वं दुसरं टोक, जोरात हलवा, तिला दिसली पायजे."

तेजलनं कप खाली ठेवला. गुडघे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी जिना बंद म्हणून सांगितलं होतं, ती स्वतः बरोबर होती, आणि आक्का कशी मुकाट्यानं हो म्हणाली होती. सहा वर्षं पावसाळा सोडून दर मंगळवार. आपण चाळीस किलोमीटर आलो नाही आणि ती सहाशे मीटर चालत राहिली. आपल्या चुकीच्या खाली जाऊन उभी राहिली, आणि चुकीला तोंडानं चूक म्हणाली नाही. तेजलला आईचा रागही आला, खरंच आला. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? मी दोन बटणं दाबली असती! आणि लगेच कळलं, दोन बटणं दाबायची नव्हतीच, गाडी काढून यायचं होतं. "मला यायला पाहिजे होतं, रस्त्यानं," ती म्हणाली. चंद्रभागा म्हणाली, "पायजे व्हतं," आणि चहात साखर ढवळत राहिली. खोटी समजूत घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता.

गोधडी आतल्या कोठीत दांडीवर होती. दर खेपेला कोण वागवणार म्हणून आक्का ती इथंच ठेवायची. तांबडा चौकोन उन्हानं गुलाबी झाला होता. तेजलनं ती हातात घेतली, तोंडाजवळ नेली, शेळ्यांचा आणि धुराचा वास आला. "पण आता का हलवता तुम्ही?" तिनं विचारलं. "आक्का तर गेली."

"का म्हंजी? इमान येतं ना?" चंद्रभागा जरा रागावलीच. "मास्तरीणबाई म्हनायच्या, वर माणूस एकलं असतं, खाली कुनीतरी पायजे. मला ठावं नव्हतं काय तुझी माय गेली ते? म्हनूनच हलवत व्हते. तू व्हतीस ना त्यात?"

"नव्हते. मी चार महिने आलेच नाही. राकेश सर असायचे."

म्हातारी म्हणाली, "असू दे. त्याला बी माय असंल." निघताना तेजलनं गोधडीची घडी केली, काखेत मारली, दारापर्यंत गेली, आणि परत येऊन दांडीवर टाकली. चंद्रभागानं मेथीच्या दोन जुड्या तिच्या पिशवीत कोंबल्या.

सोमवारी तेजलनं अठरा वर्षांत पहिल्यांदा विनाकारण दुसऱ्या दिवसाची रजा टाकली. राकेश सर बरे झाले होते, मंगळवारी ते आणि सृष्टी जाणार होते. सृष्टीला तिनं बाजूला घेऊन सगळं सांगितलं, दोन मिनिटांत, वर्गात सांगते तसंच, आकड्यांसकट. पोरीचे डोळे भरून आले तेव्हा म्हणाली, "रडू नकोस, हेडिंग चुकेल. उद्या मी खाली असेन." सृष्टीनं विचारलं, "मॅम, पॉइंट दुरुस्त करू का?" तेजल म्हणाली, "हात लावू नकोस. यंत्राच्या कोपऱ्यात मार्करनं लिहून ठेव, हा पॉइंट उतरायच्या कामाचा नाही. बास."

मंगळवारी नऊला ती आक्काच्या घरापासून निघाली. गाडी होती, पण चालत. पुलापाशी बसली, थकली नव्हती तरी बसली, मग उठली. चंद्रभागानं शिडी खालून धरली, मग तेजलनं वरून हात देऊन तिला ओढून घेतलं. ऊन चढत होतं, स्लॅब अजून गार होता. दहा वाजून बारा मिनिटांनी पश्चिमेकडून घरघर आली. आवाज येतो आणि विमान बराच वेळ दिसतच नाही, हे तेजलला माहीत नव्हतं. तिनं खालून कधी वाट बघितलीच नव्हती. मग एक पांढरा ठिपका दिसला, मग त्याला पंख फुटले. दोघींनी टोकं घट्ट धरली आणि हलवायला सुरुवात केली. "जोरात, जोरात," चंद्रभागा ओरडत होती. तेजल मान मागं टाकून बघत राहिली. काच चमकली, बाकी आत कुणी आहे की नाही काहीही कळत नव्हतं. चष्मा नाही, तोंड नाही, काही नाही. सहा वर्षं आक्कानं एवढंच बघितलं होतं. विमान डोक्यावर आलं, आधी डावा पंख झुकला, मग उजवा, आणि मग ते येवल्याच्या दिशेनं बारीक होत गेलं. सगळं मिळून मिनिटभर झालं असेल. चंद्रभागानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झालं. चल, भाकरी टाकते."

संध्याकाळी तेजल परतीच्या वाटेवर होती तेव्हा फोन वाजला. तिनं गाडी कडेला घेतली. सृष्टी होती. मागं हँगरचा पंखा ऐकू येत होता.

"मॅम, दिसले का आम्ही?"

"दिसलात की. पंख दिसले."

"तुम्हीपण दिसलात मॅम," सृष्टी घाईघाईनं म्हणाली. "अगदी स्पष्ट. तुम्ही हात हलवत होतात ना?"

तेजलनं मांडीवरच्या आपल्या हातांकडं बघितलं. दोन्ही हातांत गोधडीचं टोक होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हलवायला हात मोकळा होता कुठं?

"हो गं," ती म्हणाली. "हलवत होते. दिसले ना? मग झालं."